अद्भुताचा वाटाड्या

परींच्या आणि राक्षसांच्या कथा मानवाइतक्याच जुन्या आहेत. त्या प्रथम कोणी रचल्या, हे कोणालाच ठाऊक नाही. आजीने नातवंडांना सांगाव्यात आणि त्यांनी म्हातारपणी आपल्या नातवंडांना सांगाव्यात, अशा रीतीने त्या चालत आल्या. जर्मनीत ग्रिम बंधूंनी अशा लोककथा गोळा करून त्यांचा पहिला भाग १८१२ साली छापला. डेन्मार्कमध्ये हान्स अँडरसन याने १८३५ पासून स्वतःच्या प्रतिभेने नव्या परीकथा रचण्यास आरंभ केला. परंतु या कथा बहुधा आटोपशीर असत आणि त्या मुलांसाठीच असतात, अशी समजूत होती. लेखकाने आपल्या कल्पनेतून एक निराळेच जग उभे करावे आणि प्रौढ वाचकालाही विचार करावयास लावील अशी दीर्घ कथा त्यात गुंफावी, ही प्रथा इंग्रजी वाङ्मयात ज्यांनी रुजवली, त्यांत जॉर्ज मॅक्डोनल्ड यांचे नाव अग्रभागी आहे.

स्कॉटलंडच्या ईशान्येस अ‍ॅबर्डीनशर नावाचा परगणा आहे. त्यातील हंटली या लहानशा गावी १० डिसेंबर १८२४ रोजी जॉर्जचा जन्म झाला. वडील शेती आणि गिरणी पाहत. ते मोठे धीराचे पुरुष होते. क्षयरोगामुळे त्यांचा एक पाय कापावा लागला. त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याची विद्या उपलब्ध नव्हती. रोग्याला मद्य पाजून गुंगवीत असत. वडिलांनी तेही नाकारले. सुरी लागली तेव्हा त्यांनी क्षणभर तोंड फिरवले, एवढेच. असे वडील ज्याला लाभले, त्याला धैर्य म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

तोच क्षयरोग या कुटुंबाच्या पाठीस लागला होता. १८३२ मध्ये जॉर्जची आई या रोगाने वारली. त्या वेळी तो आठ वर्षांचाही पुरता झाला नव्हता. पुढे सावत्र आई घरात आली, ती मात्र प्रेमळ होती. जॉर्ज स्वतः वारंवार आजारी पडे. अंथरुणावर पडल्या पडल्या तो पुस्तके वाची आणि बरा झाला म्हणजे घोड्यावर बसून माळरानावर भटके. टेकड्या, ओढे, वारा आणि जुने किल्ले यांनी त्याच्या मनावर जे संस्कार केले, ते पुढे त्याच्या प्रत्येक पुस्तकात उमटले.

त्या भागातील धर्ममत मोठे कडक होते. ईश्वराने काही माणसांचा उद्धार आधीच ठरवून ठेवला असून उरलेल्यांना तारण नाही, असे मुलांना शिकवीत. हे मत जॉर्जला प्रथम समजावून सांगितले, तेव्हा तो ढसढसा रडला, असे सांगतात. त्याची गणना तरणाऱ्यांत होते, अशी खात्री देऊनही त्याचे समाधान झाले नाही. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न त्याच्या मनात रुतून बसला तो कायमचाच.

१८४० साली शिष्यवृत्ती मिळवून जॉर्ज अ‍ॅबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला. तेथे त्याने रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला. जर्मनीत जाऊन रसायनशास्त्राचे पुढील शिक्षण घ्यावे, अशी त्याची इच्छा होती. परंतु घरी पैसा नव्हता. मध्यंतरी एका सत्राचे शिक्षणही त्याला स्थगित ठेवावे लागले. त्या काळात उत्तरेकडील एका मोठ्या वाड्यातील ग्रंथसंग्रहाची यादी करण्याचे काम त्याने पत्करले आणि तेथेच जर्मन कवींच्या अद्भुतरम्य वाङ्मयाशी त्याची ओळख झाली, असे त्याच्या चरित्रात सांगितलेले आहे. जुन्या ग्रंथांनी भरलेले दालन त्याच्या कथांतून पुनःपुन्हा भेटते. १८४५ मध्ये तो एम्. ए. झाला.

काही वर्षे लंडनमध्ये शिकवण्या केल्यावर मॅक्डोनल्ड यांनी धर्मोपदेशकाचे शिक्षण घेतले. १८५० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण भागातील अरुंडेल या गावी त्यांची नेमणूक झाली. वेतन वर्षाला १५० पौंड होते. पुढल्याच वर्षी लुइझा पॉवेल हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी नोव्हालिस या जर्मन कवीच्या बारा गीतांचा अनुवाद त्यांनी छापून मित्रांना नाताळची भेट म्हणून दिला. संसार सुखाने सुरू झाला होता. परंतु लौकरच विघ्न आले.

परधर्मीयांनाही मृत्यूनंतर ईश्वराच्या दयेचा लाभ होईल आणि मुक्या जनावरांनाही त्याच्या घरी जागा असेल, असे मॅक्डोनल्ड आपल्या प्रवचनांतून सूचित करीत. चर्चच्या कारभाऱ्यांना हे रुचले नाही. जर्मन विचारांनी हा तरुण बिघडला आहे, अशी कुजबुज सुरू झाली. त्यांना उघडपणे काढून टाकण्याऐवजी कारभाऱ्यांनी त्यांचे वेतन कमी केले. मॅक्डोनल्ड यांना प्रथम वाटले की, चर्चची खरोखरच ओढाताण होत असावी. तेव्हा कमी पैशांत भागवण्याची त्यांनी सरळ मनाने तयारी दाखवली. खरा हेतू पुढे उघड झाला. गावातील गोरगरीब मात्र त्यांच्यावर माया करीत आणि आपल्या तुटपुंज्या शिध्यातून त्यांच्या घरी काहीबाही आणून देत. पदरी लहान मुलगी होती आणि दुसरे मूल व्हायचे होते. प्रकृती तोळामासा होती. एकदा फुप्फुसातून रक्तही पडले होते. मन मारून जुनेच मत सांगत राहिले असते, तर भाकरीची चिंता मिटली असती. परंतु जे आपल्याला पटत नाही ते लोकांना सांगावयाचे नाही, असा त्यांचा निर्धार होता. १८५३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

पुढील काही वर्षे हलाखीची गेली. मँचेस्टर येथे व्याख्याने द्यावीत, शिकवण्या कराव्यात आणि मिळेल त्या वेळात लिहावे, असा क्रम होता. १८५५ मध्ये त्यांचे एक दीर्घ काव्य प्रसिद्ध झाले. ते वाचून प्रसिद्ध कवी बायरन याची पत्नी लेडी बायरन प्रभावित झाली. तिच्या साहाय्याने मॅक्डोनल्ड पतिपत्नींनी १८५६ चा हिवाळा अल्जीरियाच्या उबदार हवेत घालवला आणि त्यांची प्रकृती थोडी सावरली.

परत आल्यावर त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘फँटॅस्टीस’. ते १८५८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकविसावे वर्ष पूर्ण केलेला एक तरुण सकाळी जागा होतो, तो त्याच्या खोलीतील पाण्याचे पात्र भरून वाहू लागलेले असते. त्या पाण्याचा ओढा होतो, गालिच्यावरील पाने व फुले खरोखरीची होऊन डोलू लागतात आणि पाहता पाहता खोलीचे अरण्य होते. तो ओढ्याकाठच्या वाटेने चालू लागतो आणि परीलोकात शिरतो. तेथे त्याला आपलीच एक काळी छाया चिकटते. ती ज्या ज्या सुंदर वस्तूवर पडते, त्या वस्तूला ती निस्तेज करून टाकते. या छायेपासून म्हणजेच आपल्यातील अहंकारापासून सुटका कशी करून घ्यावयाची, हा त्या प्रवासाचा खरा विषय आहे. ही कथा त्यांनी मुलांसाठी लिहिली नव्हती. त्या वेळच्या वाचकांना ती फारशी उमगली नाही. पोटासाठी मॅक्डोनल्ड यांनी स्कॉटलंडमधील जीवनावर कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांना पुष्कळ वाचक मिळाले. १८५९ पासून लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात ते इंग्रजी वाङ्मय शिकवू लागले. तरी अद्भुतकथेचा ध्यास सुटला नाही.

मॅक्डोनल्ड यांना अकरा मुले झाली. त्यांचे घर नाटके, गाणी आणि गोष्टी यांनी गजबजलेले असे. या घरी चार्ल्स डॉजसन नावाचा गणिताचा एक लाजाळू अध्यापक येई. बोलताना तो अडखळे. मुलांमध्ये मात्र तो रमून जाई. अ‍ॅलिस नावाच्या मुलीची एक गोष्ट त्याने लिहून ठेवली होती. ती छापावी की नाही, याविषयी त्याच्या मनात शंका होती. त्याने ते हस्तलिखित मॅक्डोनल्डांच्या घरी धाडले. लुइझाबाईंनी ते मुलांना वाचून दाखवले. सहा वर्षांच्या ग्रेव्हिलला ते इतके आवडले की, अशा साठ हजार प्रती असाव्यात, असे तो म्हणाला. त्या घरच्या उत्तेजनाने डॉजसनला धीर आला. १८६५ मध्ये लुइस कॅरल या टोपणनावाने त्याने ते पुस्तक प्रसिद्ध केले आणि अ‍ॅलिसची कथा जगभर पोचली.

स्वतः मॅक्डोनल्ड यांनी १८७१ मध्ये उत्तरेच्या वाऱ्याची कथा प्रसिद्ध केली. तबेल्याच्या माळ्यावर झोपणारा डायमंड नावाचा एका गाडीवानाचा मुलगा आणि फळीच्या भोकातून आत येणारी वायुदेवता यांची ती गोष्ट आहे. पाठोपाठ १८७२ मध्ये ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ हे पुस्तक आले. आयरीन नावाच्या आठ वर्षांच्या राजकन्येला वाड्याच्या मनोऱ्यात आपली खापरपणजी सूत कातीत बसलेली आढळते. ती आयरीनला एक अतिसूक्ष्म धागा देते. तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटाला लागतो. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या दुष्ट बुटक्यांनी कर्डी या खाणकामगाराच्या मुलाला कोंडलेले असते. धाग्यावर बोट ठेवून आयरीन अंधारात शिरते आणि त्याला सोडवून आणते. पण तो धागा कर्डीच्या बोटाला लागत नाही आणि त्यामुळे त्याला तिचे म्हणणे खरे वाटत नाही. ज्याने आपला जीव वाचवला, तेच नाकारणारा हा मुलगा पुढे आपली चूक ओळखतो. कथा साहसाची आहे. परंतु दिसत नाही ते खोटेच, असे मानणाऱ्या मनाची परीक्षाही तीत आहे.

१८७२ मध्ये मॅक्डोनल्ड व्याख्यानांसाठी अमेरिकेस गेले. तेथे त्यांचे उत्तम स्वागत झाले. इंग्लंडच्या राणीने १८७७ मध्ये त्यांना वर्षाला १०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. परंतु घरचा जुना शत्रू शांत नव्हता. १८७८ मध्ये मुलगी मेरी वारली. दुसऱ्याच वर्षी मुलगा मॉरिस गेला. पुढे ग्रेस आणि १८९१ मध्ये थोरली लिलिया यांनाही मृत्यूने नेले. हवापालटासाठी हे कुटुंब इटलीत समुद्रकाठच्या बोर्दिगेरा गावी राहू लागले होते. तेथे बांधलेल्या घराला त्यांनी ‘कासा कोराज्जो’ म्हणजे धैर्याचे घर असे नाव दिले होते. या घराच्या मोठ्या दालनात गावातील लोक जमत आणि नाटके, संगीत व वाचन चाले. दुःखाने या माणसाने आपल्या घराचा दरवाजा कधी बंद केला नाही.

१८९३ मध्ये अद्भुतकथेविषयीचे आपले विचार त्यांनी एका निबंधात मांडले. लेखकाने हवे तसे जग निर्माण करावे आणि त्याला हवे ते नियम लावावेत. मात्र एकदा लावलेले नियम त्याने स्वतः मोडू नयेत, नाही तर वाचकाचा विश्वास उडतो, असे त्यांचे मत होते. परंतु नीतीचे नियम कोणत्याही जगात बदलता येत नाहीत, असेही त्यांनी सांगितले. वस्तू एकमेकींना ओढून घेण्याऐवजी दूर लोटतील, असे जग रचता येईल. पण सज्जनाचे दुष्कृत्य चांगले ठरेल, असे जग रचता येणार नाही. बालमन ज्याने जपले आहे, त्याचे वय पाच असो की पंचाहत्तर, तोच आपला वाचक, असे ते मानीत. १८९५ मध्ये त्यांची ‘लिलिथ’ ही अखेरची मोठी अद्भुतकथा प्रसिद्ध झाली.

आयुष्याची शेवटची काही वर्षे आजारामुळे ते जवळजवळ मौनातच होते. १९०२ मध्ये लुइझाबाई वारल्या. १८ सप्टेंबर १९०५ रोजी इंग्लंडमधील अ‍ॅशटेड येथे मॅक्डोनल्ड यांनी देह ठेवला. त्यांच्या अस्थी बोर्दिगेरा येथे पत्नीशेजारी ठेवण्यात आल्या.

त्यांच्या काळातील व नंतरच्या लेखकांशी तुलना केली म्हणजे त्यांचे वैशिष्ट्य ध्यानात येते. कॅरलचे अद्भुत जग हे तर्काचा आणि शब्दांचा खेळ आहे. ते हसवते आणि स्वप्नासारखे विरून जाते. विल्यम मॉरिस याने १८९० नंतर मध्ययुगासारखे वाटणारे काल्पनिक देश आपल्या दीर्घ कथांत उभे केले. तेथे प्रवास आणि पराक्रम यांना महत्त्व आहे. मॅक्डोनल्ड यांच्या कथांत मात्र अद्भुताचे दार आपल्याच घरातील खोलीत उघडते आणि तेथून जाणारा परत येतो तेव्हा अधिक चांगला माणूस झालेला असतो.

१९१६ मध्ये सी. एस. लुइस नावाच्या तरुण विद्यार्थ्याने एका रेल्वे स्टेशनवर ‘फँटॅस्टीस’ची जुनी प्रत विकत घेतली. त्या वाचनाने त्याच्या कल्पनेला नवे वळण लागले. पुढे १९५० मध्ये त्याने नार्नियाची पहिली कथा लिहून प्रसिद्ध केली. तीत मुले कपाटातून दुसऱ्या जगात जातात. मॅक्डोनल्ड यांना तो आपले गुरूच मानी. त्याचे मित्र जे. आर. आर. टॉल्किन यांनी नकाशे, भाषा व इतिहास यांसह एक स्वतंत्र जगच निर्माण केले. आपल्या कथांतील दुष्ट जमातीवर मॅक्डोनल्डांच्या बुटक्यांचे ऋण आहे, हे टॉल्किन यांनी मान्य केले. फक्त त्या बुटक्यांचे पाय मऊ असतात, ही गोष्ट त्यांना कधी पटली नाही. उतारवयात तर मॅक्डोनल्डांचा उपदेश त्यांना नकोसा वाटू लागला. मोठ्या लेखकाचे सारेच सर्वांना रुचते असे नाही. परंतु ज्यांना ते रुचले नाही, त्यांनाही त्यांच्याच वाटेवरून पुढे जावे लागले.

पंधरा दशकांपूर्वी एका आजारी, कर्जाच्या काठावर जगणाऱ्या लेखकाने जो सूक्ष्म धागा कातला, तो आजही तुटलेला नाही. अरुंडेलच्या कारभाऱ्यांनी ज्याचे वेतन कापले, त्याच्या दयेच्या जगात अजूनही मुले निर्भयपणे हिंडत आहेत.