फी घेतली, पण सल्ला दिलाच नाही! समुपदेशनाची पद्धत बदलणाऱ्या कार्ल रॉजर्सची गोष्ट

अकोल्यात जठारपेठेतल्या कुणाच्याही घरी संध्याकाळी बसा आणि मनातलं एखादं टेन्शन बोलून दाखवा. चहा येईपर्यंत चार सल्ले मिळतात. लग्न करून टाक, मोबाईल कमी बघ, नोकरी बदल, गजानन महाराजांच्या पोथीचं पारायण कर. सगळे आपलेच असतात, सगळ्यांना काळजीच असते. पण आपलं बोलणं मात्र अर्ध्यावर राहतं.

मग कुणीतरी हिंमत करून खाजगी समुपदेशकाकडे जातं. तिथं पाऊण तास आपणच बोलतो, समोरची व्यक्ती फक्त ऐकते. बाहेर पडल्यावर वाटतं, पैसे तर घेतले, पण काय करायचं ते सांगितलंच नाही.

समोरची व्यक्ती व्यक्तिकेंद्रित समुपदेशन करणारी असेल, तर हे मुद्दाम केलेलं असतं. आणि त्यामागं एका माणसाचं आयुष्य आहे. त्याचं नाव कार्ल रॉजर्स.

कार्लचा जन्म 8 जानेवारी 1902 चा, अमेरिकेत शिकागोजवळच्या ओक पार्कचा. सहा भावंडांत चौथा. वडील इंजिनिअर आणि घर कमालीचं धार्मिक. नाच, पत्ते, नाटक, दारू सगळं बंद. घरात प्रेम होतं, पण चांगलं काय आणि वाईट काय ते आधीच ठरलेलं होतं. कार्ल 12 वर्षांचा असताना कुटुंब शहर सोडून शेतावर राहायला गेलं. तिथं तो पतंगांचं निरीक्षण करायचा, शेतीवरची जाडजूड पुस्तकं वाचायचा. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यानं प्रवेशही शेतीच्याच शिक्षणासाठी घेतला.

1922 मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या एका परिषदेसाठी तो चीनला गेला. जगभरातली वेगवेगळ्या विचारांची माणसं भेटली आणि घरातून मिळालेली ठाम उत्तरं डळमळायला लागली. परत आल्यावर पदवी घेतली, हेलन एलियटशी लग्न केलं आणि धर्मगुरू होण्यासाठी न्यूयॉर्क गाठलं. पण काय मानायचं हे दुसऱ्यानं ठरवून द्यावं, हे त्याला पटेना. शेवटी धर्मशिक्षण सोडून तो कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राकडे वळला.

1928 पासून रॉजर्स रोचेस्टर शहरात अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करू लागले. ही नोकरी त्यांनी 12 वर्षं केली. तेव्हाची रीत अशी होती की तज्ज्ञानं तपासायचं, कारण शोधायचं आणि पालकांना समजावून सांगायचं. रॉजर्सही तेच करत होते.

मग एक आई आली. मुलगा हुशार, पण भयंकर त्रास देणारा. रॉजर्सनी निष्कर्ष काढला की आईनं मुलाला मनापासून स्वीकारलेलंच नाही. अनेक भेटींमध्ये त्यांनी हे तिला हळूहळू समजावायचा प्रयत्न केला. काहीच फरक पडला नाही. अखेर दोघांनी हार मानली. ती निघाली, दारापर्यंत गेली, वळली आणि विचारलं, इथं मोठ्या माणसांनाही मदत करता का? रॉजर्स हो म्हणाले. ती परत खुर्चीत बसली आणि आपल्या संसारातलं दुःख सांगायला लागली. आधीच्या भेटींतली मुद्देसूद माहिती बाजूलाच राहिली. रॉजर्सनी या वेळी समजावणं सोडलं आणि ऐकलं. या भेटींचा तिला फायदा झाला, आणि मुलालाही.

कुठं दुखतंय आणि कोणत्या दिशेनं जायचं, हे त्या माणसालाच सगळ्यात जास्त माहीत असतं, हा धडा रॉजर्सनी इथं घेतला.

1940 मध्ये ते ओहायोला प्राध्यापक झाले. समुपदेशनाच्या खोलीत नेमकं काय घडतं, हे तेव्हा गूढच होतं. रॉजर्सनी परवानगी घेऊन बोलणं तबकड्यांवर रेकॉर्ड केलं आणि 1942 च्या पुस्तकात एका व्यक्तीच्या सगळ्या भेटी शब्दशः छापल्या. येणाऱ्याला ते रुग्ण म्हणत नसत.

पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी समुपदेशन केंद्र उभारलं. 1957 मध्ये त्यांनी माणूस बदलायला काय लागतं ते मांडलं. त्यातल्या तीन गोष्टी पुढे फार गाजल्या. समुपदेशकानं मुखवटा घालायचा नाही. समोरच्याला कोणतीही अट न घालता स्वीकारायचं. आणि त्याच्या जागी उभं राहून त्याचं जग समजून घ्यायचं.

पण हे सोपं नव्हतं. 1949 च्या सुमारास एका अत्यंत अस्वस्थ स्त्रीला मदत करताना रॉजर्स स्वतःच कोलमडले. ते हेलनसोबत शिकागोबाहेर निघून गेले. परतल्यावर आपल्याच एका सहकाऱ्याकडे समुपदेशनासाठी जाऊन बसले. इतकं मोठं नाव असूनही त्यांना यात कमीपणा वाटला नाही.

अपयशही आलं. विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसोबत ही पद्धत वापरली, तेव्हा अपेक्षेइतकं यश मिळालं नाही. गंभीर मानसिक आजारात मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं लागतात, नुसतं ऐकणं पुरत नाही.

उतारवयात त्यांनी उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंटांना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवून एकमेकांचं ऐकायला लावलं. 4 फेब्रुवारी 1987 रोजी, वयाच्या 85 व्या वर्षी ते गेले.

आता तुम्ही अशा समुपदेशकाकडे जाणार असाल तर काय होईल? पहिल्या भेटीत फी, वेळ आणि गुप्तता यावर बोलणं होईल. भेट साधारण पाऊण ते एक तासाची. तुम्ही बोललेलं ते आपल्या शब्दांत परत मांडतील, बरोबर समजलो का ते विचारतील. मध्येच शांतता होईल, ती चालते. उत्तर मिळायला वेळ लागेल, पण ते तुमचं असेल.

आपल्याकडे अर्धं गाव ओळखीचं निघतं. त्यामुळे माझं बोलणं बाहेर जाईल का, हे आधीच स्पष्ट विचारा. जिवाला धोका असेल तर गुप्ततेला अपवाद असतो, तेही समजून घ्या. शिक्षण आणि अनुभव विचारायला लाजू नका. नाही जमलं, तर समुपदेशक बदलता येतो.

आणि फी परवडत नसेल किंवा त्रास आत्ताच असह्य होत असेल, तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे. 14416 वर कधीही फोन करा, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.