डावा हात

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत एवढं लांबलचक काही मी पहिल्यांदाच लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर मराठी विभागाच्या संपादकांना पकडा, मला नको!

दिवाळीच्या सुट्टीत हिंगोलीला गेले तेव्हा घरात एकच विषय चालू होता, गाडी. माझी आई औंढा नागनाथच्या पुढच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर, तेही स्कूटरवर. पावसाळ्यात भिजायचं, हळदीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून धूळ खायची. यंदा जुलैमध्ये खड्डा चुकवताना ती पडली आणि डाव्या मनगटाला प्लॅस्टर बसलं. तेव्हाच बाबांनी ठरवलं की आता चारचाकी घ्यायची.

छोटी, चपळ, जरा स्पोर्टी दिसणारी एक हॅचबॅक सगळ्यांना आवडली. भांडण पुढे झालं. मॅन्युअल घ्यायची की ऑटोमॅटिक? आईला ऑटोमॅटिक हवी होती. मी हट्टाला पेटले की घ्यायची तर गिअरचीच. याला कारण होतं. मेकॅनिकलला आमच्या वर्गात आम्ही मोजून सात मुली. मामाच्या जीपवर शेतात गिअर शिकले, तेव्हा सगळे हसत म्हणाले होते की मुलींना आपली ऑटोमॅटिकच बरी. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. गिअर म्हणजे खरं ड्रायव्हिंग, बाकी सगळी सवलत! आई काही बोलली नाही. निर्णय माझ्या पुढच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलला गेला.

हॉस्टेलला परत आले आणि सेमिनारसाठी विषय मिळाला ट्रान्समिशन सिस्टिम्स. योगायोगच म्हणायचा! लायब्ररीत वाचता वाचता एका माणसापाशी अडकले. त्याचं नाव आपण रोज पार्किंगमध्ये वाचतो, पण माणूस फारसा माहीत नसतो. सोइचिरो होंडा.

त्यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानच्या शिझुओका प्रांतातल्या कोम्यो नावाच्या खेड्यातला. वडील गिहेई लोहार, पुढे सायकल दुरुस्ती करायचे. आई मिका विणकाम करायची. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा हे पोरगं तिच्यामागे धावलं आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा वास घेत बसलं. लहानपणीच वडिलांची सायकल गुपचूप घेऊन हामामात्सुला विमानाची कसरत बघायला गेलं. तिकिटाला पैसे पुरेनात म्हणून झाडावर चढून बघितली!

१९२२ मध्ये ते टोकियोच्या आर्ट शोकाई या गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागले. पहिले काही महिने हातात पाना नाही, मालकाचं बाळ सांभाळायचं काम! १९२३ च्या महाभूकंपात आग लागली तेव्हा गॅरेजमधल्या गाड्या बाहेर काढायच्या होत्या. त्या गडबडीत सोइचिरोंनी पहिल्यांदा गाडी चालवली. त्या काळच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेशसुद्धा नव्हतं. आपल्याला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घाम फुटतो, विचार करा!

१९२८ मध्ये त्यांनी हामामात्सुला त्याच गॅरेजची शाखा काढली. रेसिंगचं वेड होतंच. १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावा ट्रॅकवर, फोर्डचं इंजिन बसवलेली स्वतःची गाडी पळवताना भीषण अपघात झाला. ते आणि सोबत बसलेला धाकटा भाऊ, दोघेही जखमी झाले.

त्यानंतर त्यांनी पिस्टन रिंग बनवायचं ठरवलं. रिंग जमेनात, कारण धातुशास्त्र येत नव्हतं. मग वयाच्या तिशीत हा कारखानदार टेक्निकल स्कूलमध्ये जाऊन बसला. लागेल तेवढं शिकला, परीक्षेला मात्र बसला नाही, म्हणून डिप्लोमा मिळाला नाही. (बॅकलॉगवाल्यांनी याचा सोयीस्कर अर्थ काढू नये!) टोयोटाला दाखवलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या. तरी सोडलं नाही. पुढे धंदा उभा राहिला, पण युद्धात बॉम्ब पडले आणि जानेवारी १९४५ च्या भूकंपात कारखाना कोसळला. जे उरलं ते त्यांनी साडेचार लाख येनला टोयोटाच्या समूहाला विकून टाकलं.

युद्धानंतर जपानमध्ये ट्रेनला तोबा गर्दी, पेट्रोलची टंचाई, जो तो सायकलवर. १९४६ मध्ये सोइचिरोंनी लष्कराच्या वायरलेस सेटसाठी बनवलेली छोटी इंजिनं सायकलला बसवायला घेतली. पेट्रोलची पहिली टाकी म्हणजे घरातली शेकायची गरम पाण्याची बाटली! आणि ही सायकल गावातून चालवून बघायला कोणाला दिली? बायकोला. साची होंडा ती घेऊन भर रस्त्यातून फिरल्या. घरी आल्या तेव्हा कार्ब्युरेटरमधून उडालेल्या तेलाने त्यांचे चांगले कपडे खराब झाले होते. अशाने गिऱ्हाईक ओरडेल, असं त्यांनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं आणि सोइचिरोंनी ते ऐकून डिझाइन सुधारलं. ही गोष्ट वाचताना मी थांबले. आमच्या घरात गाडी चालवणार होती आई, आणि बोलत होते आम्ही बाकीचे सगळे.

सप्टेंबर १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी सुरू झाली. १९४९ मध्ये पहिली खरी मोटारसायकल आली, ड्रीम डी. तिला क्लचचा लिव्हरच नव्हता! मात्र खालच्या गिअरमध्ये पायाने पेडल दाबूनच ठेवावं लागायचं, त्याने लोक वैतागले. म्हणजे हाताचा त्रास वाचला आणि पायाचा वाढला. त्याच वर्षी ताकेओ फुजिसावा कंपनीत आले. इंजिन सोइचिरोंचं, हिशोब आणि विक्री फुजिसावांची, अशी जोडी जमली.

१९५६ मध्ये दोघं युरोपला जाऊन आले. तिथल्या मोपेड बघितल्या. फुजिसावांची मागणी विचित्र होती. जपानमध्ये नूडल्सची ऑर्डर पोचवणारी पोरं एका हातावर ट्रे घेऊन सायकल हाकायची. त्या पोराला एका हाताने चालवता येईल अशी गाडी पाहिजे! म्हणजे डावा हात क्लचवरून काढायचा. सोइचिरो कामाला लागले आणि ऑगस्ट १९५८ मध्ये आली सुपर कब. ५० सीसी, फोर-स्ट्रोक, तीन गिअर, क्लच लिव्हर नाही.

आता थोडं टेक्निकल. सुपर कबमध्ये सेंट्रिफ्युगल क्लच आहे. इंजिनचा वेग वाढला की क्लचमधली वजनं बाहेर फेकली जातात आणि क्लच आपोआप लागतो. वेग उतरला की सुटतो, त्यामुळे सिग्नलला गाडी बंद पडत नाही. गिअर बदलताना पायाचं पेडलच आतल्या आत क्लच सोडवतं. म्हणजे गिअर चालवणाऱ्याच्या ताब्यात, कटकट फक्त गेली. २०१७ मध्ये या गाडीने दहा कोटींचा आकडा पार केला.

माझ्या डोक्यातला समज असा होता की क्लच काढणारा माणूस रेसिंगवाला नसणार. पण याच माणसाने १९५९ मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत टीम उतरवली आणि १९६१ मध्ये १२५ आणि २५० सीसी दोन्ही शर्यती जिंकल्या. १९६३ मध्ये एस५०० ही चार गिअरची छोटी स्पोर्ट्स कार आणली. १९६५ मध्ये मेक्सिकोला रिची गिन्थरने होंडाच्या गाडीत फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली. आणि १९६८ मध्ये त्याच कंपनीने छोट्या एन३६० मोटारीत स्वतःचं ऑटोमॅटिक बसवलं, होंडामॅटिक. इतरांसारखे प्लॅनेटरी गिअर न वापरता मॅन्युअलसारखेच समांतर शाफ्टवरचे गिअर, हायड्रॉलिक क्लच आणि पुढे टॉर्क कन्व्हर्टर. रेसिंग आणि ऑटोमॅटिक, दोन्ही एकाच छताखाली!

अर्थात ते देव नव्हते. एअर-कूल्ड इंजिनच चांगलं, हा त्यांचा हट्ट होता. जुलै १९६८ मध्ये रूआंच्या शर्यतीत त्यांची एअर-कूल्ड गाडी आदळून पेटली आणि जो श्लेसर हा ड्रायव्हर मेला. कंपनीतले तरुण इंजिनिअर वॉटर कूलिंगसाठी भांडत होते. शेवटी फुजिसावांनी विचारलं की तुम्हाला अध्यक्ष राहायचंय की इंजिनिअर? सोइचिरोंनी माघार घेतली. त्यातूनच पुढे १९७२ ची वॉटर-कूल्ड सिव्हिक आली. १९७३ मध्ये तिलाही होंडामॅटिक मिळालं. त्याच वर्षी दोघं मित्र एकदमच निवृत्त झाले. मुलांना कंपनीत आणायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

निवृत्तीनंतर सोइचिरो देशभर फिरून कामगारांना भेटले. एकाने हात तेलकट म्हणून मागे घेतला, तर त्यांनी तोच हात धरला. त्यांचा स्वतःचा डावा हात जखमांनी भरलेला होता. उजव्या हातात हातोडा आणि अवजारं, त्यामुळे चुकलं की मार बसायचा डाव्याला. ५ ऑगस्ट १९९१ रोजी ते वारले. आपल्या अंत्ययात्रेने रस्त्यावर ट्रॅफिक जॅम व्हायला नको म्हणून कंपनीतर्फे मोठा अंत्यविधी करू नका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. गाड्या बनवणाऱ्याने याहून वेगळं काय सांगावं!

आपल्याकडे हा बदल पोचला १९८४ मध्ये. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली. तोपर्यंत स्कूटर म्हणजे डाव्या मुठीत क्लच दाबून मनगट पिळत गिअर टाकायचे आणि किक मारायची. कायनेटिकमध्ये बेल्ट आणि व्हेरिएटर, शिवाय बटण स्टार्ट. मग अॅक्टिव्हा आली. आईसारख्या कितीतरी शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका त्यामुळे स्वतःच्या स्वतः कामावर जाऊ लागल्या. त्याला कोणी सवलत म्हणत नाही.

सेमिनारमध्ये मी शेवटी तुलना मांडली. मॅन्युअल स्वस्त, दुरुस्ती गावात होते, ताबा पूर्ण. एएमटी म्हणजे मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. खर्च कमी, पण गिअर बदलताना झटका जाणवतो. सीव्हीटी मऊ, पण जोरात दाबलं की आवाज आधी, वेग नंतर. टॉर्क कन्व्हर्टर दणकट, पण महाग. आणि स्पोर्टी म्हणजे मॅन्युअलच, हेही आता खरं नाही. फेरारीने १९८९ मध्येच फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगवरून गिअर बदलले. सर म्हणाले, मग निष्कर्ष काय? मी म्हणाले, सर, आधी चालवणार कोण ते विचारायचं.

जानेवारीत पुन्हा घरी गेले. आई कणीक मळत होती, फक्त उजव्या हाताने. प्लॅस्टर निघून तीन महिने झाले होते. मी विचारलं तेव्हा सहज म्हणाली की डाव्या मनगटात जोर येत नाही, कढईसुद्धा उचलवत नाही. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे गिअर टाकायचा डाव्या हातानेच. साठ किलोमीटरमध्ये कितीदा, याचा हिशोब मी मेकॅनिकलची असून एकदाही केला नव्हता. दिवाळीत तिने सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेस्ट ड्राइव्हला गेलो. मी मागे बसले, गप्प. आईने दोन्ही गाड्या चालवल्या आणि एएमटी निवडली. झटका बसतो म्हणाली, पण चालेल. परत येताना बसस्थानकाजवळच्या गर्दीत गाडी थांबत-थांबत सरकत होती. आईचा डावा हात मांडीवर निवांत पडला होता.

मी अजूनही मॅन्युअलचीच फॅन आहे. नोकरी लागली की स्वतःसाठी गिअरचीच गाडी घेणार. पण ती माझी असेल.