सुदाम्याचे पोहे आणि एक पुरस्कार

महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत विनोदी पुस्तकासाठी दिला जाणारा पुरस्कार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या नावाने ओळखला जातो. खुद्द कोल्हटकरांना मात्र नाटककार म्हणून मोठे व्हायचे होते. त्यासाठी त्यांनी बारा नाटके लिहिली. आज त्यांतील एखाद्याचेही नाव सामान्य वाचकाला चटकन आठवणार नाही.

२९ जून १८७१ रोजी नागपूर येथे त्यांचा जन्म झाला. १८९७ मध्ये ते कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले आणि अकोला, खामगाव व पुढे सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव-जामोद येथे त्यांनी वकिली केली. मराठी साहित्याचा सारा व्यवहार पुण्या-मुंबईत चालत असताना हा लेखक वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी अशिलांच्या गराड्यात बसून लिहीत होता. 'वीरतनय' हे त्यांचे पहिले नाटक १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळींनी रंगभूमीवर आणले. पारशी रंगभूमीच्या धर्तीवरील त्यातील चाली त्या काळी नव्या होत्या आणि त्या लोकांना आवडल्या. 'मूकनायका'त मद्यपानाचा, 'मतिविकारा'त विधवाविवाहाचा प्रश्न त्यांनी घेतला. परंतु गुंतागुंतीची कथानके आणि पात्रापात्राच्या तोंडी घातलेल्या कोट्या यांच्या भाराखाली ही नाटके पुढे दबून गेली.

विनोदी लेखन त्या मानाने आडवाटेने आले. १९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' मासिकात त्यांचा 'साक्षीदार' हा लेख प्रसिद्ध झाला. कोर्टाच्या पायरीवर साक्षी कशा तयार होतात, हे वकिलाइतके कोणाला ठाऊक असणार? मराठीत तोवर विनोद नव्हता असे नाही. तमाशात सोंगाड्या होता, नाटकात विदूषक होता, फार्स होते. पण स्वतंत्र विनोदी लेख हा गंभीर मासिकात छापण्याजोगा वाङ्मयप्रकार होऊ शकतो, हे कोल्हटकरांनी दाखवून दिले.

त्यांच्या विनोदाचे लक्ष्यही साधे नव्हते. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रयीला त्यांनी शिमगा, श्रावणी, लग्नकार्ये अशा घरोघरच्या प्रसंगांतून फिरवले. 'चोरांचे संमेलन'ही भरवले. वरकरणी रूढीचा कैवार घ्यायचा आणि तो घेता घेता तिचा पोकळपणा उघडा पाडायचा, ही त्यांची रीत. संमतिवयाच्या वादाने समाज दुभंगून अवघे दशक लोटले होते. सुधारकाचा उपदेश ऐकताच कान झाकून घेणारा वाचक बंडूनानाला हसत असे आणि हसताना आपल्याच देवघराला आणि माजघराला हसत असे. आगरकरांनी जे तर्काने आणि संतापाने सांगितले, त्यातील बरेचसे कोल्हटकरांनी हशाच्या वाटेने घरात पोचवले. अर्थात कर्मठांना हे रुचले नाही. देवाधर्माची थट्टा हा आक्षेप त्यांच्या वाट्याला आलाच.

१९१० मध्ये अठरा लेखांचा संग्रह 'सुदाम्याचे पोहे' निघाला. 'अठरा धान्यांचे कडबोळे' हे त्याचे दुसरे नाव. १९२३ च्या आवृत्तीत लेख बत्तीस झाले आणि ती 'साहित्यबत्तिशी' ठरली. आज हे लेख वाचताना कोट्यांची गर्दी कधी कधी थकवते, हे मान्य केले पाहिजे. शब्दावर शब्द चढवण्याचा मोह त्यांना आवरत नसे.

तो मोह त्यांच्या शिष्यातही उतरला. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. 'बाळकराम' या नावाने गडकऱ्यांनी लिहिलेले विनोदी लेख सुदाम्याच्याच कुळातले. पण गडकऱ्यांच्या नाटकांपुढे गुरूची नाटके फिकी पडली, आणि १९१९ मध्ये तो शिष्यही अकाली गेला. वि. स. खांडेकरांनीही त्यांनाच गुरुस्थानी मानले. पुढे अत्रे गडकऱ्यांचे शिष्य म्हणवू लागले, तेव्हा कोल्हटकरांचा विनोद तिसऱ्या पिढीत पोचला होता.

या वकिलाला गणिताचाही नाद होता. 'भारतीय ज्योतिर्गणित' हा त्यांचा ग्रंथ विनोदाच्या चाहत्यांना आजही चकित करतो. महाराष्ट्रगीतही त्यांचेच, ते गाणाऱ्या अनेकांना कवीचे नाव माहीत नसते. १९२७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १ जून १९३४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा आत्मवृत्त अपुरेच राहिले होते. ते पुढल्या वर्षी, १९३५ मध्ये, तसेच छापले गेले.