नामदार गोखले आणि गिरमिट

या वेळी गुरुजींनी मला भित्तिपत्रकासाठी एका थोर पुरुषाचे चरित्र लिहायला सांगितले. मी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र निवडले. का निवडले, ते शेवटी सांगतो.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. घरची गरिबी होती. गोपाळ तेरा वर्षांचा असतानाच वडील वारले. मग थोरले भाऊ गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवत. विचार करा, बाकीच्या ७ रुपयांत घर कसं चालवलं असेल! गोपाळने त्या पैशांचे चीज केले. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. पुढे पुण्याला न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेज येथे १९०२ पर्यंत त्यांनी शिकवले. अंकगणिताचे पुस्तकही लिहिले. म्हणजे ते आधी गुरुजी आणि मग पुढारी. १९०२ साली ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. १९०५ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला.

गोखले गिरमिटाविरुद्ध लढले, असे गुरुजींनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. आमच्याकडे सुतार लाकडाला भोक पाडतो, त्या हत्याराला गिरमिट म्हणतात. त्याच्याशी कशाला लढायचे? मग गुरुजींनी समजावले. हे गिरमिट म्हणजे ॲग्रीमेंट, म्हणजे करार. आपल्या अडाणी मजुरांच्या तोंडी त्या इंग्रजी शब्दाचं गिरमिट झालं. आणि करार करून जाणारा तो गिरमिट्या.

हे गिरमिट आले कुठून? त्यासाठी नकाशात खूप दूर, अमेरिकेजवळच्या कॅरिबियन समुद्रात जावे लागेल. १४९२ साली कोलंबस स्पेनच्या राजाराणीची जहाजे घेऊन तिथे पोचला. आपण हिंदुस्थानाजवळ आलो असे त्याला वाटले, म्हणून त्या बेटांना पुढे वेस्ट इंडिज नाव पडले. स्पेनच्या लोकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना सक्तीने कामाला जुंपले. त्या कष्टाने आणि नव्या रोगांनी ते बिचारे फार मोठ्या संख्येने मेले. मग आफ्रिकेतून माणसे धरून आणली आणि गुलाम केली. इंग्रजांनी १६५५ साली जमैका आणि १७९७ साली त्रिनिदाद स्पेनकडून घेतले. मालक बदलला, पण उसाचे मळे आणि चाबूक तेच राहिले.

१८३३ साली इंग्लंडने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि १८३८ पर्यंत तिथले गुलाम मोकळे झाले. मळेवाल्यांना आता स्वस्त मजूर पाहिजे होते. त्यांची नजर आपल्या देशाकडे वळली. १८३८ साली गयानाला आणि ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला हिंदी मजुरांची पहिली जहाजे लागली. पुढे गयानात सुमारे २ लाख ३९ हजार आणि त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार लोक नेले गेले. इकडे गोखल्यांच्याच रत्नागिरी भागातले मराठी लोक मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात गेले.

मजूर जमवणाऱ्या दलालाला अरकाटी म्हणत. तो दुष्काळाने, कर्जाने गांजलेल्या माणसाला गोड बोलून नेई. कागदावर अंगठा उठला की पाच वर्षे बांधली. समुद्रातला प्रवासच तीन महिन्यांच्या आसपास. परवान्याशिवाय मळा सोडता येत नसे. कामावर गेला नाही तर तुरुंग. कागदात काय लिहिले आहे, ते अंगठा लावणाऱ्याला वाचताच येत नव्हते.

गोखल्यांनी कायदेमंडळात हा प्रश्न धसास लावला. १९१० साली त्यांच्या ठरावामुळे दक्षिण आफ्रिकेतील नाताळला गिरमिट्ये पाठवणे बंद करायचे ठरले. पण बाकीच्या वसाहतींचे काय? ४ मार्च १९१२ रोजी, सगळीकडचीच गिरमिट पद्धत बंद करा, असा ठराव त्यांनी मांडला. यात अडकतात ते लोक गरीब, भोळे आणि निरक्षर असतात, हेही त्यांनी पटवून दिले. पण सरकारी मते जास्त होती. ठराव पडला.

आता खरी गोष्ट ऐका. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत शिकवणे सक्तीचे करावे, असे विधेयक गोखल्यांनी १९११ साली आणले होते. तेही याच मार्च १९१२ मध्ये पडले. एका महिन्यात दोन पराभव! तरी ते थांबले नाहीत. प्रकृती चांगली नसतानाही त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला गेले आणि गांधीजींबरोबर फिरून तिथल्या आपल्या लोकांची दुःखे पाहिली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८ वर्षांचे. त्यांच्यामागे १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच ठराव मांडला आणि तो सरकारला मानावा लागला. १९१७ साली भरती थांबली.

आता मी हे चरित्र का निवडले ते सांगतो. आमचे आबाजी सालदार होते. पाडव्याला साल ठरायचं. आधी उचल घ्यायची अन् चिठ्ठीवर अंगठा लावायचा. एका वर्षी उचल फिटली नाही असं मालकानं सांगितलं अन् आबाजींना आणखी एक साल राहावं लागलं. चिठ्ठीत किती लिहिलं होतं, ते त्यांना आजही ठाऊक नाही. आबाजी संध्याकाळी घरी तरी येत होते, आजी भाकर वाढत होती. गिरमिट्यांना तेवढंही नव्हतं. पण अंगठा दोघांचा सारखाच. मला वाटते, गोखल्यांनी गिरमिट आणि निरक्षरता या दोघांशी एकदमच लढाई केली, ती यासाठीच.

ती लढाई आपल्या वर्ध्यातही आली. गांधीजी गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानत. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिने सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण मागितले. पुढे २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून देशातल्या ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला.

आणि ते गिरमिट्ये? त्यांची मुलेबाळे तिकडेच राहिली, शिकली. त्रिनिदाद १९६२ साली आणि गयाना १९६६ साली स्वतंत्र झाले. गयानाच्या अशाच घराण्यातला रोहन कन्हाय वेस्ट इंडिजच्या क्रिकेट संघाचा कप्तान झाला. आपल्या सुनील गावसकरांनी मुलाचे नाव रोहन ठेवले, ते त्याच्यावरूनच.

आता आमच्या घरी कोणताही कागद आला की आधी मी मोठ्याने वाचून दाखवतो. आबाजी सही शिकत आहेत. नाव अजून थोडे वाकडे येते, पण येते.