केशवराव कोरटकर : पुरजळचे वकील, ज्यांची शाळा गौलीगुड्याजवळ आजही उभी आहे

नांदेड, हिंगोली, परभणीकडच्या जुन्या लोकांना गौलीगुडा म्हटलं की तिथला पत्र्याचा भलामोठा बसस्टँड आठवतो. 2018 साली तो कोसळला. पण तिथून जवळच, जांबागेच्या बाजूला, आपल्या भागातल्या एका वकिलाचं काम अजून टिकून आहे. ते काम म्हणजे विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था, आणि ते वकील म्हणजे केशवराव कोरटकर.

केशवरावांचा जन्म 1867 चा. गाव पुरजळ, तेव्हा वसमत तालुक्यात, आता हिंगोली जिल्ह्यात. सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. केशवरावांनी वकिलीला सुरुवात केली ती गुलबर्ग्यात. 1896 च्या सुमारास ते हैदराबादला आले, हायकोर्टात उभे राहू लागले आणि त्यांचं चांगलं नाव झालं. पुढं त्याच हायकोर्टाचे ते न्यायाधीशही झाले.

त्या काळची वकिली समजून घ्यायची तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. राज्यातली बहुतेक रयत मराठी, तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी, आणि कोर्टाचा कारभार मात्र उर्दूत. आधी फारसी होती, 1880 च्या दशकात उर्दू आली. बांधाचा दावा असो की सावकाराच्या हिशेबाचा, आपल्याच खटल्यात काय चाललंय हे पक्षकाराला वकिलाकडूनच कळायचं. म्हणजे वकील नुसता बाजू मांडणारा नव्हता, तो दुभाषाही होता. माणसाला आपली भाषा लिहिता-वाचता आली नाही तर त्याचं किती अडतं, हे वकिलाइतकं जवळून क्वचितच कुणी पाहत असेल.

दुसरी गोष्ट, वकिलाचं पोट सरकारी पगारावर नव्हतं. सरकारी नोकराला जे बोलता येत नव्हतं ते वकिलाला थोडंफार बोलता यायचं. म्हणून हैदराबाद संस्थानातल्या सार्वजनिक कामात सुरुवातीपासून वकील पुढं दिसतात. केशवराव त्यांतले आघाडीचे.

1906-07 च्या सुमारास त्यांनी वामनराव नाईक आणि इतर सहकाऱ्यांसोबत विवेक वर्धिनी उभी केली. मराठी मुलांना राजधानीत आपल्या भाषेत शिकता यावं, यासाठी हा खटाटोप. या कामाला फी नव्हती. उलट आपलं नाव आणि वजन त्यात घालायचं होतं. सुलतान बाजारच्या आर्य समाजाची धुराही त्यांनी अनेक वर्षं वाहिली.

पण ही गोष्ट नुसती गौरवाची नाही. नोव्हेंबर 1921 मध्ये विवेक वर्धिनीच्याच नाट्यगृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. तिथं अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, तर सभेतल्या लोकांनी त्यांची टिंगल करून त्यांना बोलू दिलं नाही. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी लगेच आंध्र जनसंघ काढला. त्यातूनच पुढं आंध्र महासभा उभी राहिली. आपली भाषा दबली म्हणून ज्यांनी शाळा काढली, त्यांच्याच छपराखाली दुसऱ्याच्या भाषेचा अपमान झाला. दोन भाषा रोज कानावर पडणाऱ्या आपल्या सीमाभागानं हा प्रसंग विसरू नये.

21 मे 1932 रोजी केशवराव गेले. मुलगा विनायकराव कांगडी गुरुकुलात शिकला, विद्यालंकार झाला, लंडनहून बॅरिस्टर होऊन आला. 1939 मध्ये निजाम सरकारविरुद्धच्या आर्य सत्याग्रहाचे ते आठवे सर्वाधिकारी होते. संस्थान भारतात आल्यावर ते हैदराबाद राज्याचे मंत्री आणि 1957 मध्ये हैदराबादचे खासदार झाले. 1940 साली नारायणगुड्यात वडिलांच्या नावानं सुरू झालेली केशव मेमोरियल संस्था आज तिथल्या मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे.

हैदराबादला शिकायला, दवाखान्याला, बाजाराला आपल्याकडची माणसं आजही जातात. नारायणगुड्यातली ती पाटी अनेकांनी वाचलेली असते. त्यातले केशव म्हणजे पुरजळचे केशवराव, एवढं पुढच्या खेपेला लेकरांना जरूर सांगा.