हंसाबेन मेहता

गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक नि शिवणकाम, अशा समजुतीने आपल्यातील काही पालक मुलीला त्या शाखेस पाठवीत नाहीत; काही तर त्याच समजुतीने पाठवितात! हंसाबेन मेहतांची दृष्टी निराळी होती. त्यांचा जन्म १८९७ सालचा, सुरतेचा. त्यांनी जातीबाहेर विवाह केला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील पहिल्याच कलमात पुरुषवाचक शब्दाऐवजी सर्व मानव असा शब्द आला, तो त्यांच्या आग्रहामुळे. १९४९ साली त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. त्यांच्याच कारकिर्दीत तेथे गृहविज्ञान विद्याशाखा निघाली. मूल कसे वाढते, कुटुंब त्याला कसे घडविते, हा तेथे शास्त्राचा विषय झाला. १९९५ साली हंसाबेन निवर्तल्या. मानवी विकास व कुटुंब अभ्यास हा विभाग बडोद्यास आजही चालू आहे.