खडखडाटाशी वैर धरणारा अभियंता

मोटारगाडीच्या प्रारंभीच्या काळात बॉनेट ही मोठी डोकेदुखी होती. मधोमध बिजागरी, दोन्ही बाजूंचे पातळ पत्रे पंखांसारखे वर उघडणारे आणि खाली खिट्ट्यांनी जखडलेले, अशी त्याची रचना असे. रस्ते खडीचे, त्यात गाडीची चौकटच धावताना पिळवटली जाई. खिट्टी सैल राहिली तर पत्रा वाजे, क्वचित धावत्या गाडीवर बॉनेटच उघडे. फार घट्ट केली तर पत्र्याला पीळ पडे. पकड न सोडणारी, तरी स्प्रिंगच्या ताणावर किंचित लवणारी खिट्टी घडवणे हे सोपे काम नव्हते. हजारो रुपये मोजणाऱ्या धनिकाला तर खडखडाट मुळीच सहन होत नसे.

असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या भागांकडे इंजिनाइतक्याच गांभीर्याने पाहणारा माणूस म्हणजे सर फ्रेडरिक हेन्री रॉइस.

रॉइस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील आल्वाल्टन या खेड्यात झाला. वडील गिरणीवाले. धंदा बुडाला आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना ते वारले. या पोराने वर्तमानपत्रे विकली, तारा वाटल्या. एका नातलग स्त्रीने पैसे भरल्यामुळे पीटरबरो येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली. परंतु तीन वर्षांत तिचे पैसे संपले आणि शिक्षण अर्ध्यावर राहिले. १८८४ मध्ये अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राबरोबर त्यांनी मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर विजेच्या वस्तूंचा लहानसा कारखाना काढला. पुढे डायनामो आणि विजेच्या क्रेन यांनी त्यांना नाव मिळवून दिले.

चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी जुनी फ्रेंच डेकोविल गाडी विकत घेतली. तिचा आवाज आणि बेभरवशीपणा त्यांना खपेना. त्यांनी ती उलगडली, प्रत्येक भाग पारखला आणि अखेर स्वतःची गाडी बांधली. ती १ एप्रिल १९०४ रोजी रस्त्यावर आली. पुढच्याच महिन्यात, ४ मे रोजी, मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात उमराव घराण्यातील चार्ल्स रोल्स यांच्याशी त्यांची भेट झाली. तिथून पुढचे जगाला ठाऊक आहे.

१९०७ ची कसोटी मात्र सांगण्याजोगी आहे. ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडीने १५,००० मैल धावून दाखवायचे होते. ६२९ मैलांवर ती थांबली. इंजिन ठणठणीत होते. धक्क्यांनी पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला होता! कॉक उघडला आणि उरलेले १४,३७१ मैल ती, टायरचे थांबे वगळता, न थांबता धावली. एवढ्या मोठ्या यंत्राला अडवले ते एका चिमुकल्या तोटीने.

आपल्याकडेही या गाडीने पराक्रम केला. १९०८ मध्ये ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबईत आली आणि मुंबई-कोल्हापूर विश्वासार्हता स्पर्धेत घाट चढून-उतरून तिने बाजी मारली. नंतर ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली.

या ध्यासाची किंमत रॉइस यांच्या शरीराने मोजली. जेवणाची शुद्ध नसे. कारखान्यातला पोरगा दुधाचा पेला घेऊन त्यांच्या मागे धावत असे, असे सांगतात. १९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेले. त्यानंतर थोड्याच काळात रॉइस स्वतः कोसळले आणि १९१२ मध्ये त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर डर्बीचा कारखाना त्यांना दुरावला तो कायमचाच. हिवाळ्यात फ्रान्सचा समुद्रकिनारा, एरवी ससेक्समधील वेस्ट विटरिंग, आणि भोवती आरेखक, असा त्यांचा संसार झाला. आराखडे आणि सूचनापत्रे तिथून डर्बीला जात. हाताने लोखंड घासणाऱ्या माणसाला आपलेच यंत्र दुरून, कागदावर पाहावे लागले, याइतकी कठोर शिक्षा दुसरी नसावी. तरीही पहिल्या महायुद्धातील ‘ईगल’ हे विमानाचे इंजिन याच काळातले.

१९३० मध्ये त्यांना बॅरोनेट किताब मिळाला. २२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथे त्यांचे निधन झाले. पुढे ‘मर्लिन’ म्हणून गाजलेले इंजिन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रथम सुरू झाले. त्यांच्या अस्थी आज आल्वाल्टनच्या चर्चमध्ये आहेत.